थांबवणारी गोळी

१

नागपूरच्या सदरमधल्या त्या बंदुकांच्या दुकानात पुढची बाजू मालकांची आणि मागची खोली वामनरावांची. मालक महादेवराव गादीवर बसून गिऱ्हाइकांशी बोलत आणि वामनराव मागे उत्तरेच्या खिडकीपाशी बंदुका बऱ्या करत. सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं. दस्ते घासायचे, नळ्या पुसायच्या, घोड्याची दमलेली कमान, म्हणजे स्प्रिंग, बदलायची. स्वतः त्यांनी आयुष्यात पारवासुद्धा मारला नव्हता. पण कोणत्या जनावराला कोणती गोळी, हे विचारायला भंडारा-बालाघाटकडचे शिकारी त्यांच्याच स्टुलावर येऊन बसत. त्यांच्या गप्पा ऐकताना वामनराव माणसाकडे पाहत नसत, त्याच्या बंदुकीकडे पाहत. माणूस फेकतो, बंदूक फेकत नाही, असं ते म्हणत.

सहासष्टच्या डिसेंबरात, एका सोमवारी सकाळी रुपराव आले. वामनराव त्यांना ओळखत होते. खाप्याच्या पलीकडे, कन्हान नदीच्या काठी त्यांचं वावर, म्हणजे शेत, होतं आणि घरही वावरातच. कापसाची पऱ्हाटी आणि तूर पेरत. पीक राखायला परवान्याची तीनशे पंधरा बोअरची रायफल होती, तिची साफसफाई वर्षातून एकदा इथंच होई. मोजकं बोलणारा, पंचेचाळिशीचा माणूस.

"याच्याहून मोठी दाखवा," रायफल पुढे ठेवत रुपराव म्हणाले.

"मारायचं काय आहे?"

"रोही."

रोही म्हणजे नीलगाय. वामनराव हसले. "रोह्याला ही पुरून उरते, रुपरावजी."

"चार गोळ्या लागल्या जी त्याले. चार दिवसांत चार. उभंच आहे."

"लागल्या कशावरून?"

"थप आली ना."

ही खूण वामनरावांनाही ठाऊक होती. गोळी मातीत गेली तर वेगळी वाजते, झाडात गेली तर वेगळी. अंगात गेली की ओल्या गोधडीवर धोपाटणं मारावं तशी थप येते, बार उडाल्यावर अर्ध्या श्वासाने. शिकारी दुसऱ्या कशात चुकेल, यात चुकत नाही.

"मग लागली असेल पोटात. जखमी होऊन जातं आणि दूर कुठेतरी पडतं. दुसऱ्या दिवशी येतं ते दुसरंच."

रुपरावांनी नकारार्थी मान हलवली. मग दाराकडे एकदा पाहून, आवाज न चढवता ते म्हणाले, "थप मागून येते."

"मागून म्हणजे?"

"मी ओसरीतून मारतो. ते समोर उभं राह्यते, वावराच्या बांधावर, धुऱ्यावर. अन् थप येते माह्या मागून. घरातून."

२

वामनरावांनी रायफल ठेवून घेतली. नळी पाहिली, बोल्ट पाहिला, नेम धरायची माशी हललीय का पाहिलं. दुसऱ्या दिवशी चांदमारीच्या मैदानावर नेऊन ओळखीच्या हवालदाराकडून पाच बार काढून घेतले. पाचही गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. बंदूक निर्दोष होती.

राहिला तो आवाज. त्याचं उत्तर सोपं होतं. ओसरीला मागे भिंत असते, भिंतीवरून आवाज परततो. पुढच्या सोमवारी त्यांनी रुपरावांना ते कागदावर रेघा काढून समजावलं. रुपरावांनी ऐकून घेतलं.

"पटलं का?"

"मातीची भिंत आहे जी. तिच्यावरून आवाज परतून आलेला मी आजवर ऐकला नाही."

"बरं, दिसतं कसं ते?"

"रोह्यासारखं."

'सारखं' हा शब्द वामनरावांच्या कानाला लागला, पण त्यांनी तो सोडून दिला. खरं तर तेव्हाच उठून वावरात जाऊन पाहायला हवं होतं, असं पुढे त्यांना अनेकदा वाटलं. त्याऐवजी त्यांनी आपलं ज्ञान पाजळलं. लहान, वेगवान गोळी कधी कधी नुसती आरपार जाते, ते म्हणाले. भोक पाडते आणि निघून जाते. जनावराला कळतसुद्धा नाही. मोठी, जड गोळी आत थांबते. सगळा धक्का आतच सोडते. तिला थांबवणारी गोळी म्हणतात.

"थांबवणारी," रुपराव म्हणाले. हा शब्द त्यांनी हळूच, जपून उचलला.

दुकानात तीनशे पंच्याहत्तरची एक जुनी रायफल होती, लाकडाच्या एका ठेकेदाराने म्हातारपणी विकायला ठेवलेली. रुपरावांनी परवान्यावर दुसऱ्या हत्याराची मंजुरी आधीच आणलेली होती. म्हणजे ते ठरवूनच आले होते. महादेवरावांनी चहा मागवला. वामनरावांनी दस्ता रुपरावांच्या खांद्याला बसेल इतका घासून दिला. काम चांगलं झालं होतं, तरी त्या दिवशी त्यांना चैन पडली नाही.

३

संक्रांत होऊन गेली आणि रुपराव पुन्हा आले. या खेपेला ते वाळले होते. स्टुलावर बसले ते भिंतीकडे सरकून.

"मारली?"

"दोन."

"आणि?"

"पहिले ते दीडशे पावलावर राहे. आता ऐंशीवर उभं राहून राहिलं. मोजली मी पावलं."

"जवळ आलं, तर मग मारायला सोपंच."

"लागतात ना जी गोळ्या. पण थप आता लयच मोठी येते. देवळीतला दिवा पडला. सुभद्रा चुलीपुढून उठून आली, म्हणे आत काय पडलं."

सुभद्रा म्हणजे त्यांची बायको. लेकरू नव्हतं. घरात दोघंच.

"रुपरावजी, गोळी मारणं काही दिवस बंद करून पाहा."

"केलं ना. आठ दिवस हातच लावला नाही बंदुकीले. रोज येते. पऱ्हाटीले तोंड लावत नाही. तुरीले लावत नाही. घराकडे पाहत राह्यते." त्यांनी तळहात मांडीवर पुसले. "तुमचं म्हणणं बराबर होतं. गोळी त्याच्यात थांबत नाही. आरपार जाते अन् घरात येते. थांबवणारी पाहिजे. त्याच्यातच थांबली पाहिजे."

रुपरावांच्या बोलण्यात काही खोट नव्हती. वामनरावांचंच वाक्य, त्यांनीच कागदावर काढलेली रेघ, रुपरावांनी फक्त ती पुढे ओढली होती, घराच्या आतपर्यंत.

पुढच्या बाजूने महादेवरावांनी ऐकलंच होतं. कपाटात एका संस्थानिकाच्या घरची दुनाळी होती, चारशे सत्तर बोअरची. रानरेड्याला आणि हत्तीला वापरायचं हत्यार. एका गोळीचं वजन उचलून पाहिलं की माणूस गप्प होई. पाच वर्षं तिला गिऱ्हाईक नव्हतं.

"ही न्या," महादेवराव म्हणाले. "हिच्यापुढे काय उभं राहते पाहू."

"आधी मी येऊन पाहतो," वामनराव म्हणाले. ते दुकान सोडून कधी कुठे जात नसत. महादेवरावांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

४

दोन दिवसांनी वामनराव सकाळच्या एसटीने सावनेरवरून खाप्याला उतरले. रुपराव बैलबंडी घेऊन आले होते. नदीकाठाने तासभर वाट. उन्हं कोवळी होती, तुरी पिवळ्या झाल्या होत्या, कुठे काही वावगं नव्हतं. बंडीत बसल्या बसल्या वामनरावांना स्वतःचंच हसू येऊ लागलं.

घर साधं. पुढे ओसरी, मग माजघर, त्याच्या डाव्या अंगाला चूल आणि उजव्या अंगाला कापसाची खोली. वेचणीचा कापूस गाडीभर साठेपर्यंत त्या खोलीत भरून ठेवायचा, मग सावनेरला जिनिंगला न्यायचा, ही तिकडची रीत. खोलीला एकच कवाड, बाहेरून कडी. खिडकी नाही.

सुभद्राबाईंनी पाटवड्यांची भाजी आणि भाकर वाढली. त्या उजवा हात वापरत नव्हत्या. डाव्या हाताने वाढत होत्या आणि त्याबद्दल कुणीच बोललं नाही. जेवण झाल्यावर रुपराव बैलांना पाणी दाखवायला गेले, तेव्हा त्या माजघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, त्यायले मोठी बंदूक देऊ नका."

"हाताला काय झालं, वहिनी?"

"खांदा धरला, बार उडू लागले तवापासून. थंडीनं असन." त्या थोडं थांबल्या. "तुम्ही शिकले-सवरले आहात. एक सांगा मले. कापूस आपोआप वाढते काय?"

"म्हणजे?"

"दिवाळीनंतर भरला तं माह्या छातीइतका होता. यंदा बोंडअळीनं वेचणी मधातच सोडली आम्ही. वरून एक ओंजळ नाही टाकली. आता आढ्याले लागला."

"तुडवून भरलेला कापूस फुगतो, वहिनी. दाब निघाला की वर येतो."

"हो," सुभद्राबाई म्हणाल्या. "मीही असंच म्हटलं मनाले. पण फुगलेला कापूस हलका राह्यते. ह्याच्यानं कवाड बाहेर आलं."

वामनरावांनी कवाडाकडे पाहिलं. जुन्या सागाच्या फळ्या मधोमध किंचित पुढे आल्या होत्या, आतून कुणी पाठ टेकून बसल्यासारख्या. ओल धरल्यावर सागाचंही असं होतं. जानेवारीत होत नाही.

५

तीन वाजता ते आलं.

येताना कुणी पाहिलं नाही. वामनराव ओसरीत बसून रुपरावांशी कमानीबद्दल बोलत होते, मान वर केली तर धुऱ्यावर ते उभं होतं. काळसर निळं, नराचा रंग. ऐंशी पावलं तरी नव्हती, साठ असतील. त्यांनी पहिल्यांदा आकार पाहिला, आणि आकार बरोबर होता. मग त्यांची सवय जागी झाली, बंदुकीतला दोष शोधायची. कान हलत नव्हते. अंगावर माशी बसत नव्हती. ऊन मागून होतं, तुरींच्या सावल्या घराकडे लांब पडल्या होत्या. त्याची सावली पडली नव्हती.

"रुपरावजी, मी सांगतो तसं करा," वामनराव म्हणाले. स्वतःचा आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला. "वहिनींना गोठ्याकडे पाठवा. मी माजघरात उभा राहतो. मी 'हो' म्हटलं की एक बार काढा. आवाज कुठून येतो ते मला ऐकू द्या."

खरं तर त्यांना सिद्ध करायचं होतं की आवाज भिंतीवरून येतो. एवढं सिद्ध झालं असतं तर बाकी सगळं डोळ्यांचा दोष म्हणून सोडून देता आलं असतं.

माजघरात अंधुक उजेड होता. ते कापसाच्या कवाडापासून हातभर अंतरावर उभे राहिले. आतून कापसाचा कोरडा, ओळखीचा वास येत होता आणि त्याच्या खाली दुसरा एक, उन्हातल्या जनावराच्या अंगाचा. बाहेर रुपरावांनी बोल्ट ओढला.

"हो," वामनराव म्हणाले.

थप आली. कवाडाच्या आतून, त्यांच्या छातीच्या उंचीवर. फळ्यांवरची धूळ उडाली. आणि तिच्यानंतर, अर्ध्या श्वासाने, बाहेर बार उडाला.

आधी थप. मग बार.

वामनराव हलले नाहीत. आत काहीतरी सावकाश खाली बसत होतं, कापूस दाबला जाताना होतो तसा लांब, मऊ आवाज करत. मग तो आवाज थांबला आणि परत आला, वरच्या दिशेने. पुन्हा खाली. पुन्हा वर. ते मोजत राहिले आणि सातव्या वेळेला त्यांच्या ध्यानात आलं की आपणही त्याच तालात श्वास घेत आहोत.

त्यांनी कडी काढली. का काढली, ते त्यांना कधी सांगता आलं नाही. कवाड वीतभर उघडलं. समोर पांढऱ्या कापसाची भिंत होती आणि त्या भिंतीत एक पोकळी, मोठं जनावर बसून उठलं की गवतात राहते तशी. काठावरचा कापूस गुळगुळीत झाला होता. पोकळीच्या तळाशी गोळ्या पडल्या होत्या, बारीक आणि जाड, आत्ताची धरून सातही. एकीचंही टोक चेपलेलं नव्हतं. ते वाकले. गरम हवेचा झोत त्यांच्या तोंडावर आला. पोकळी रिकामी होती. पण तिच्या मागच्या अंगाला, अंधार सुरू होत होता तिथे, कापूस एका जागी आत ओढला गेला, आणि त्या खळग्यात ओलं, काळं असं काहीतरी त्यांच्याकडे वळलं.

त्यांनी कवाड लावलं आणि कडी घातली. दोन्ही हातांनी.

६

बाहेर धुरा रिकामा होता. सुभद्राबाई गोठ्याच्या मेढीला टेकून, खांदा धरून बसल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता.

"मारू नका," वामनराव रुपरावांना म्हणाले. "ह्याने नाही, मोठ्यानेही नाही. उद्याच्या उद्या कापूस जिनिंगला टाका. घर सोडा."

"काय आहे आत?"

"मला नीट दिसलं नाही," वामनराव म्हणाले. ते खोटं नव्हतं.

रुपरावांनी धुऱ्याकडे पाहिलं. "कापूस काढायले आत जावं लागन," ते म्हणाले. "त्याच्यापेक्षा इथूनच मारलेलं बरं."

वामनरावांच्या हातून त्या दिवशी एकच काम पार पडलं. सुभद्राबाईंचा भाऊ मौद्याला होता. खांदा डॉक्टरला दाखवायला हवा, असं म्हणून त्यांनी बाईंना त्याच बंडीत बसवलं, संध्याकाळच्या एसटीने नागपूरला आणि दुसऱ्या सकाळी मौद्याला पोचवलं. वाटेत बाई एकदाच बोलल्या. "ते तिथी एकटे आहेत," एवढंच.

आठवड्याभरात कलेक्टर कचेरीतून रुपरावांना दुनाळीची मंजुरी आली. महादेवरावांनी दुनाळी कपाटातून काढली. वामनरावांनी विरोध केला, पण कारण सांगितलं नाही, आणि महादेवराव म्हणाले, "तुम्हाला आता आराम पाहिजे, वामनराव."

बंदूक तपासून द्यायचं काम त्यांच्याकडेच आलं. त्यांनी मागच्या खोलीचं दार लोटलं, तिचा जोड उघडला आणि गोळीच्या बुडावर टोचणाऱ्या दोन्ही पिना बाहेर काढल्या. सगळं पुन्हा बसवलं. आता घोडा दाबला की टक् होईल आणि काहीही उडणार नाही. आंधळं हत्यार गिऱ्हाइकाच्या हातात देणं, हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. त्या धुऱ्यावर खरंच एखादं चवताळलेलं जनावर असलं तर रुपरावांचा जीव जाईल, हेही त्यांना कळत होतं. पण कवाडाच्या आतली ती थप त्यांनी छातीवर ऐकली होती. तिच्या दुप्पट, तिप्पट थप त्या घरात जाऊ द्यायची नाही, एवढंच त्यांना कळत होतं. पिना कागदात बांधून त्यांनी खिशात ठेवल्या.

७

दुनाळी नेल्यानंतर रुपराव तिसऱ्या सोमवारी आले. दुनाळी खोळीत नव्हती, उघडीच हातात होती. महादेवराव जेवायला गेले होते. रुपराव मागच्या खोलीत आले, स्टूल कोपऱ्यात ओढून दोन्ही भिंतींना पाठ लावून बसले आणि बंदूक मांडीवर आडवी घेतली.

"चालवली," ते म्हणाले.

वामनरावांचा हात खिशाकडे गेला. पुडी जागेवर होती.

"कशी चालली?"

"आवाज नाही झाला जी. घोडा दाबला, नुसतं टक् झालं. पण थप आली. अशी आली का ओसरीच्या छपरावरचे कवेलू खाली आले. अन् ते बसलं. वीस पावलांवर होतं. पुढचे पाय मोडले अन् बसलं, ढोर बसते तसं. मग नव्हतं."

"आणि घरात?"

"कवाड उघडं होतं. कडी तुटली नाही, वाकली नाही. काढलेली होती. कापूस छातीइतका, दिवाळीनंतर भरला होता तेवढा. आत पाहिलं मी. सगळा उपसून पाहिला. काही नाही."

"म्हणजे संपलं, रुपरावजी."

"धुऱ्यावर येत नाही आता," रुपराव म्हणाले. "चौदा दिवस झाले. घरातही नाही." बोलताना त्यांची नजर खिडकीवर गेली, तिथून दारावर, दारावरून छताकडे, आणि पुन्हा खिडकीवर. ती कुठेच ठरत नव्हती. "पहिले मले माहीत होतं जी, ते कुठी उभं राह्यते. तीन वाजता, धुऱ्यावर, समोर. आता माहीत नाही. एसटीत बसलो तं मागच्या सीटवर लोक होते, तरी मी उभाच आलो."

त्यांनी दुनाळी उचलून वामनरावांच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. दोन्ही नळ्या स्वच्छ पुसलेल्या होत्या.

"हे चांगलं हत्यार आहे. याच्याहून मोठं नको मले," ते म्हणाले. "धरू कोणीकडे, तेवढं सांगा."

वामनरावांनी खिशातली पुडी काढली, दुनाळीचा जोड उघडला आणि एकेक करून दोन्ही पिना जागेवर बसवल्या. रुपराव ते पाहत होते. काम सुरू करण्याआधी वामनरावांनी आपली खुर्ची उचलून, खिडकीपाशी सत्तावीस वर्षं होती तिथून, पाठ भिंतीला लागेल अशी लावून घेतली होती.